वीस टक्क्यांचं मायाजाळ

कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पेपरांमध्ये एक वाक्य इतक्या वेळा छापून आलंय की आता ते दिसलं की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर घसरतात: 'आम्ही सुचवलेल्या राउटरमुळे जाळ्याची लेटन्सी वीस टक्क्यांनी कमी होते.' कधी वीसच्या जागी अठरा असतात, कधी सत्तावीस. वाक्य तेच. सोबत एक आलेख. त्यात दोन रेषा, एक बिचारी जुनी पद्धत आणि एक 'आमची'. आमची रेष अर्थातच खाली!

माझा आरोप साधा आहे. चिपच्या आतल्या जाळ्यांवरचे हे वीस टक्के बऱ्याचदा चिपबद्दल काहीच सांगत नाहीत. सिम्युलेटरमध्ये आपण काय भरलं होतं, तेवढंच ते सांगतात. आणि हे लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि छापणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असतं.

आता हे रडगाणं मराठीत कशाला, असं कुणी विचारेल. कारण याची किंमत मोजणारे बरेच जण तिकडे आहेत. एम.ई., एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी हा विषय फार सोयीचा. लॅब लागत नाही, चिप लागत नाही, सिम्युलेटर फुकट मिळतो, लॅपटॉपवर चालतो. मला तिकडून जी पत्रं येतात त्यातला नेहमीचा प्रश्न असतो: "सर, इम्प्रूव्हमेंट किती टक्के दाखवली तर पेपर अ‍ॅक्सेप्ट होईल?" या प्रश्नात मुलांचा दोष नाही. आम्ही जे बक्षीस ठेवलंय, त्याकडे बघून ती विचारतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद खुशाल ओलांडावेत.

चिपवर दोन-चार कोअर होते तोवर सगळ्यांनी मिळून एक बस वापरली तरी भागायचं. (बस म्हणजे तारांचा सामाईक जुडगा, लाल डबा नव्हे.) पण कोअर वाढले की एका बसवर सगळ्यांची बोलाचाली होईना. 2001 साली विल्यम डॅली आणि ब्रायन टोल्स यांनी मांडलं की चिपवर जिथे तिथे खास तारा ओढत बसण्यापेक्षा एक जाळं टाका आणि त्यावरून पॅकेटं पाठवा. कल्पना नवी नव्हती, जागा नवी होती. आपल्या पुण्यात सी-डॅकने 1991 साली परम 8000 बांधला तेव्हा त्यात इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, आणि प्रत्येक ट्रान्सप्युटरला इतरांशी बोलायला चार दुवे होते. तसंच चित्र नखाएवढ्या सिलिकॉनवर आणलं की झालं ऑन-चिप नेटवर्क.

यातली सगळ्यात लोकप्रिय रचना म्हणजे मेश. उभ्या-आडव्या गल्ल्या, प्रत्येक चौकात एक राउटर, चौकाला लागून एक कोअर. पॅकेटचे छोटे तुकडे करून पाठवतात, त्यांना फ्लिट म्हणतात. पुढच्या चौकात जागा नसेल तर फ्लिट राउटरच्या बफरमध्ये थांबतो. बस्स, एवढंच. पण या 'एवढंच'चा खर्च मोठा असतो. इंटेलने 2007 साली 80 कोअरची प्रायोगिक चिप दाखवली, तिच्यात प्रत्येक कोअरच्या वाट्याच्या विजेपैकी 28 टक्के नुसत्या निरोपांच्या ने-आणीवर जात होती. त्याच वर्षी टिलेराची 64 कोअरची मेशवाली चिप आली. 2017 साली इंटेलने आपल्या सर्व्हरच्या झीऑन प्रोसेसरमधली गोल रिंग काढून मेश बसवली. म्हणजे विषय पोकळ नाही. पोकळ आहे ती मोजमापाची सवय.

खरी चिप बनवणं विद्यापीठाच्या खिशाला परवडत नाही, म्हणून सिम्युलेटर. डॅली-टोल्स यांच्या 2004 च्या पाठ्यपुस्तकाबरोबर बुकसिम आला. 2009 साली प्रिन्स्टनच्या मंडळींनी गार्नेट आणला, जो पुढे जेम5 या मोठ्या सिम्युलेटरचा भाग झाला. इटलीतल्या कतानियाचा नॉक्सिम आहे. जयपूरच्या एमएनआयटी आणि साउदॅम्प्टनच्या लोकांनी मिळून केलेला निर्गम आहे. बुकसिमच्या नव्या आवृत्तीचं वर्तन तर प्रत्यक्ष हार्डवेअरच्या वर्णनाशी ताडून 2013 साली प्रसिद्ध केलं गेलं. तेव्हा हत्यारांना दोष देऊ नका. हत्यारं चांगली आहेत. ती आपण कशी चालवतो, भांडण त्याबद्दल आहे.

पहिली गफलत वाहतुकीची.

जाळं तपासायचं तर त्यावर वाहतूक हवी. सोपी वाहतूक म्हणजे 'युनिफॉर्म रँडम': प्रत्येक कोअर ठरावीक दराने पॅकेट सोडतो आणि ते कुणालाही जातं. म्हणजे समजा कसब्यातला प्रत्येक माणूस दर मिनिटाला चिठ्ठ्या टाकून ठरवणार की आता कोथरूडला जायचं की हडपसरला! असं गाव कुठे असतं? पण रस्त्यांची तुलना मात्र या गावावरून होते.

बरं, तेही एक वेळ चालेल, पण दर किती? इथे जरा हिशेब करू. 8 गुणिले 8 ची मेश घ्या, 64 कोअर. मधोमध कापलं तर एका दिशेला 8 दुवे. डावीकडच्या 32 कोअरांची निम्मी वाहतूक उजवीकडे जाणार. म्हणजे प्रत्येक कोअरने दर सायकलला जास्तीत जास्त अर्धा फ्लिट सोडला तर मधले दुवे गच्च भरतात. त्याच्या थोडं आधी, समजा 0.4 च्या आसपास, लेटन्सीची रेष सरळ आभाळाकडे निघते. पेपरातली 'आमची' रेष आणि 'त्यांची' रेष एकमेकींपासून दूर जातात त्या इथेच.

आता खरा प्रोग्रॅम घ्या. समजा कोअर दर सायकलला एक सूचना चालवतो आणि हजार सूचनांमागे 10 वेळा त्याला जवळच्या कॅशमध्ये हवं ते सापडत नाही, म्हणून जाळ्यावर यावं लागतं. मागणीचा 1 फ्लिट, उत्तराचे 5. म्हणजे दर सायकलला 0.06 फ्लिट. अर्ध्याच्या तुलनेत हे 12 टक्के झालं. या ठिकाणी आलेखातल्या दोन्ही रेषा एकमेकींवर झोपलेल्या असतात! 0.4 वर जिंकलेली लढाई 0.06 वर राहणाऱ्या माणसाच्या काय कामाची? सगळेच प्रोग्रॅम इतके शांत नसतात, हे मान्य. पण आपला प्रोग्रॅम आलेखावर नेमका कुठे बसतो याची खूण करायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, ग्राफिक्स प्रोसेसर आणि मशीन लर्निंगच्या चिपांवर जाळं खरोखर तापतं. खरं आहे. पण तिथेही वाहतूक 'कुणीही कुणालाही' नसते. ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये अनेक कोअर मोजक्या मेमरी कंट्रोलरांकडे मागण्या पाठवतात आणि उत्तरं त्या मोजक्यांकडून अनेकांकडे परत येतात. सेरेब्रासने 2019 साली अख्ख्या वेफरची चार लाख कोअरची चिप आणली. अशा यंत्रावर कुठला आकडा कुठून कुठे जाणार याची आखणी बरीचशी कंपायलर आधीच करून ठेवतो. म्हणजे जिथे गर्दी आहे तिथे ती ठरावीक आकाराची आहे. चिठ्ठ्या टाकून ती कळत नाही.

दुसरी गफलत घड्याळाची.

एसटी स्टँडवर तुम्ही तासभर रांगेत उभे राहिलात, मग गाडीत बसलात आणि दोन तासांत घरी पोचलात. प्रवास किती तासांचा? तुम्ही म्हणाल तीन. महामंडळाचा कागद म्हणेल दोन. जाळ्यात गर्दी झाली की पॅकेटं आधी कोअरच्याच दाराशी तुंबतात. पॅकेट तयार झालं तेव्हापासून वेळ मोजला तर ती तुंबणूक दिसते. जाळ्यात शिरलं तेव्हापासून मोजला तर दिसत नाही. मग ज्या राउटरमध्ये पॅकेटांना शिरूच दिलं जात नाही तो राउटर सगळ्यात वेगवान ठरतो! डॅली-टोल्स यांच्या पुस्तकात याबद्दल स्वच्छ सांगून ठेवलंय: दाराशी न संपणारी रांग ठेवा, घड्याळ पॅकेटच्या जन्मापासून चालू करा, जाळं स्थिरावेपर्यंतची मोजमापं टाकून द्या. पुस्तक वीस वर्षांहून जुनं झालं. तरी माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पेपरांत घड्याळ कधी चालू केलं हे एका वाक्यातही न सांगणारे पेपर अजून असतात.

तिसरी गफलत उत्तराची वाट न बघण्याची.

खरा कोअर काही यंत्रासारखी पॅकेटं ओकत नाही. (म्हणजे तो यंत्रच आहे, पण मुद्दा लक्षात घ्या!) तो मागणी पाठवतो, ठरावीक संख्येपेक्षा जास्त मागण्या अनुत्तरित राहिल्या की गप्प बसतो. जाळं मंदावलं की कोअर मंदावतो, कोअर मंदावला की जाळ्यावरचा भार हलका होतो. हा लगाम सिम्युलेशनमध्ये नसला तर गर्दीचा राक्षस आपणच उभा करायचा आणि आपणच मारायचा, असा खेळ होतो.

यावर उपाय म्हणून लोक खऱ्या प्रोग्रॅमच्या वाहतुकीची नोंद करून ती पुन्हा वाजवतात. तिला ट्रेस म्हणतात. पण त्या नोंदीतल्या वेळा जुन्या जाळ्याच्या. नव्या जाळ्यावर उत्तर लवकर आलं तरी पुढची मागणी जुन्या वेळेलाच निघणार. टेपरेकॉर्डरशी गप्पा मारण्यासारखं आहे हे. टेक्सास विद्यापीठातल्या मंडळींनी 2010 साली नेटरेस काढला. त्यात कुठलं पॅकेट कुठल्या पॅकेटावर अवलंबून आहे हेही नोंदलेलं असतं, म्हणजे आधीचं पोचल्याशिवाय पुढचं निघत नाही. उपाय आहे, फुकट आहे, कित्येक वर्षं आहे. फक्त तो वापरला की वीस टक्क्यांचे वीस राहत नाहीत. म्हणून आवडत नाही.

किती राहतात? पुन्हा हिशेब. त्याच 64 कोअरच्या मेशवर दोन ठिकाणांतलं सरासरी अंतर सव्वापाच पावलं. प्रत्येक पावलाला 3 सायकल धरा. जाऊन-येऊन साधारण 32 सायकल. पलीकडच्या कॅशचं स्वतःचं काम 12 सायकलचं. एकूण 44, त्यात जाळ्याचा वाटा 72 टक्क्यांच्या आसपास. आता प्रोग्रॅमचा एकंदर पाचवा हिस्सा वेळ अशा मागण्यांची वाट बघण्यात जातो असं धरा. जाळं वीस टक्क्यांनी सुधारलं तर प्रोग्रॅम सुधारेल सुमारे 3 टक्क्यांनी. आणि हे वीस टक्के जर फक्त गर्दीत मिळणारे असतील, आणि गर्दीच नसेल, तर शून्य टक्क्यांनी. तीन टक्के वाईट नाहीत, चिप बनवणारी कंपनी तीन टक्क्यांसाठी जीव टाकेल. पण मग तीन म्हणा ना. वीस कशाला?

चौथी आणि सगळ्यात मोठी गफलत बेसलाइनची, म्हणजे कुणाशी तुलना केली त्याची.

याचं उघड्यावर झालेलं एक उदाहरण आहे आणि ते मला फार आवडतं, कारण त्यात दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे काम केलंय. 2009 साली थॉमस मॉसिब्रोडा आणि ओनुर मुतलू यांनी बफरशिवायचा राउटर मांडला. बफर वीज खातात, जागा खातात, तर काढूनच टाका. वाट मोकळी नसेल तर फ्लिटला दुसऱ्या वाटेने पिटाळा, फिरत फिरत पोचेल. कल्पना धाडसी होती आणि आकडे आकर्षक होते. 2010 साली स्टॅनफर्डच्या चौघांनी (त्यात डॅली स्वतः होते) हाच सामना पुन्हा लावला. पण या वेळी बफरवाल्या राउटरलाही त्याची चांगली हत्यारं दिली: काटकसरी एसरॅमचे बफर, आणि बफर रिकामा असेल तर फ्लिटने त्यात न शिरता थेट पुढे जायची सोय. निकाल? बफरशिवायच्या राउटरची बचत अगदी हलक्या भारावर, तीही जास्तीत जास्त दीड टक्का. इतर बहुतेक परिस्थितीत बफरवालाच सरस.

दोन्ही गट हुशार, दोन्हीकडे सिम्युलेटर. बदललं काय? समोरचा पैलवान किती खाऊनपिऊन आला होता, ते. आणि बफरशिवायची कल्पना यामुळे मेली नाही. मुतलू यांच्या गटाने पुढच्या दोन-तीन वर्षांत तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या मांडल्या, त्यातल्या एकीत तर थोडासा बफर परत आला. विज्ञान असंच पुढे सरकतं. माझं दुःख हे की असा उलटा सामना लावणारे फार थोडे. बाकीच्या शेकडो राउटरांच्या वाट्याला उपाशी पैलवान येतो आणि तो हरला की आपण टाळ्या वाजवतो.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे.

ते म्हणतात, पूर्ण सिम्युलेशन परवडत नाही. बरोबर. 64 कोअर, 2 गिगाहर्ट्झ, एक सेकंदाचं काम म्हणजे 12,800 कोटी सूचना. बारकाईने चालणारा सिम्युलेटर सेकंदाला दोन लाख सूचना उरकतो असं धरलं तर त्या एका सेकंदाला साडेसात दिवस लागतात. आणि आलेखावर एक नव्हे, दहा-वीस ठिपके हवेत. कुठल्या कॉलेजच्या पोराकडे इतकी यंत्रं आणि इतके दिवस असतात?

ते असंही म्हणतात की कृत्रिम वाहतूक उपयोगी असते. तेही बरोबर. ट्रान्सपोज, टॉर्नेडो असल्या मुद्दाम वाकड्या वाहतुकी जाळ्याची कमकुवत जागा दाखवतात. सगळे एकमेकांची वाट अडवून कायमचे थिजलेत का, हे तपासायला त्या हव्यातच. पूल बांधला की त्यावर वाळूची पोती भरलेले ट्रक उभे करून बघतात, तसंच हे.

पण त्या ट्रकांवरून कुणी असं छापत नाही की या पुलामुळे पुणेकरांचा ऑफिसला जायचा वेळ वीस टक्क्यांनी वाचला! माझं भांडण एवढंच आहे. कृत्रिम वाहतुकीवर मोजा, पण दावा तिच्यापुरताच करा. पूर्ण सिम्युलेशन परवडत नसेल तर परवडत नाही असं लिहा आणि आकडा छोटा सांगा. परवडत नाही म्हणून मोठा आकडा सांगायचा हक्क कसा मिळतो, ते मला कुणी समजावून सांगावं.

शिवाय हात बांधलेत हेही आता पूर्वीइतकं खरं नाही. प्रिन्स्टनने 2016 साली ओपनपिटॉन खुला केला: अख्खा बहुकोअर प्रोसेसर, जाळ्यासकट, हार्डवेअरच्या भाषेत. तो एफपीजीएवर चढवता येतो. एका राउटरची गती आणि क्षेत्रफळ प्रत्यक्ष संश्लेषण करून बघणं एम.टेक.च्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आहे. सिम्युलेटरमध्ये 'एक सायकल' म्हणून लिहून टाकलेलं काम तारांमध्ये एका सायकलमध्ये मावतं का, हे तिथे लगेच कळतं. पुष्कळदा मावत नाही!

मग मागणी काय? फार नाही. एक, खऱ्या प्रोग्रॅमचा भार आलेखावर कुठे पडतो तिथे एक उभी रेघ मारा. दोन, घड्याळ कधी चालू केलं ते सांगा. तीन, प्रोग्रॅमचा एकूण वेळ किती बदलला ते छापा, शून्य असेल तर शून्य. चार, बेसलाइनला तितकीच मेहनत द्या जितकी स्वतःच्या राउटरला दिलीत. पाच, कोड आणि सेटिंगच्या फाइली खुल्या करा, म्हणजे उलटा सामना कुणालाही लावता येईल. आणि पेपर तपासणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, यातलं काही नसेल तर पेपर परत पाठवावा. तसंच 'आम्ही करून बघितलं, फायदा झाला नाही' असा नीट केलेला पेपर आला तर तो छापावा. माझ्या मते सगळ्यात अवघड हेच आहे.

तिकडच्या प्राध्यापक मंडळींना वेगळं सांगणं आहे. सरकारने डिसेंबर 2021 मध्ये सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटींची योजना मंजूर केली. कारखाने कुठे उभे राहणार याची चर्चा जोरात असते, पण चिपची रचना करणारी माणसं कॉलेजांतूनच येणार आहेत. त्या माणसांची पहिली दोन वर्षं जर सिम्युलेटरमधला एक पॅरामीटर हलवून वीस टक्के काढण्यात गेली, तर ती राउटर बनवायला शिकत नाहीत. ती आलेख बनवायला शिकतात. त्यापेक्षा विद्यार्थ्याला एक जुना, गाजलेला पेपर द्या आणि सांगा, यातला आकडा पुन्हा काढून दाखव. नाही निघाला तर का नाही, ते शोध. पेपर होवो न होवो, असा मुलगा किंवा मुलगी उद्या कुठल्याही चिपच्या टीममध्ये पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

असो. बराच कडक शब्दांत लिहिलंय. पण दोन वर्षं, एक डिग्री आणि एक उमेदीतला माणूस ही फार महाग वस्तू आहे. ती एका रेषेला दुसऱ्या रेषेच्या खाली ढकलण्यासाठी खर्च करू नये, इतकंच.

तुमच्यापैकी कुणी या विषयात काम करत असेल आणि तुमचे वीस टक्के वरच्या पाचही अटींतून वीसच राहिले असतील, तर जरूर कळवा. मी तो पेपर स्वतः चार लोकांना वाचायला लावीन.